प्रकल्प नोंदी: प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील खर्च आणि त्यातून साधणारे आरोग्य

३ जून २०२४

जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांवर होणारा खर्च आणि त्यातून लोकांच्या आरोग्याला होणारा लाभ यांचा हिशेब संख्याशास्त्रीय प्रारूपांच्या, म्हणजे गणिती मॉडेलांच्या, साहाय्याने मांडण्याचे काम आजपासून सुरू झाले. जिल्हा डोंगराळ आणि बहुतांशी आदिवासी असून केंद्रे साठच्या आसपास आहेत. हाती आलेला पहिला कागद म्हणजे एक यादी आहे. तीत प्रत्येक केंद्राच्या वार्षिक खर्चाला तेथील बाह्यरुग्णांच्या संख्येने भागले आहे आणि येणाऱ्या उत्तरांच्या चढत्या क्रमाने केंद्रे लावली आहेत. शेवटच्या पानावर घाटापलीकडची, नदीकाठची आणि पावसाळ्यात रस्ता तुटणारी केंद्रे आहेत. या यादीवरून न परवडणारी केंद्रे ठरवता येतील का, असा प्रश्न आमच्यापुढे ठेवण्यात आला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट लिहून ठेवणे आवश्यक वाटते. रुग्णामागे कमी खर्च होणे आणि खर्चाच्या मानाने अधिक आरोग्य पदरात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी भागाकार पुरतो. दुसरीसाठी हे केंद्र नसते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर लागते आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते. प्रारूपाची गरज तेथेच निर्माण होते. शिवाय देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून चालत आलेल्या आपल्या व्यवस्थेने दुर्गमतेचा वाढीव खर्च आधीच मान्य केलेला आहे. सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी व आदिवासी भागांत २०,००० लोकसंख्येमागे एक, तसेच ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी अनुक्रमे १,२०,००० आणि ८०,००० लोकसंख्या, हे निकष म्हणजे दुर्गम भागात दरडोई अधिक खर्च करण्याचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्याच निर्णयाचा परिणाम म्हणून दिसणारा वाढीव खर्च केंद्राचा दोष ठरवता येणार नाही.

१२ जून २०२४

खर्चाची जुळवाजुळव सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, तर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असल्याने संदर्भ सेवेचा, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांचा, खर्च धरायचा म्हटले की दोन वेगवेगळ्या कार्यालयांतील हिशेब एकत्र आणावे लागतात. नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन एका शीर्षाखाली असते, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन दुसरीकडे असते आणि रुग्ण कल्याण समितीचा निधी तिसरीकडे असतो. औषधांचा साठा ई-औषधी प्रणालीत नगांच्या रूपात दिसतो; त्याचे रुपयांत रूपांतर खरेदीदरानुसार आम्हाला करावे लागते. लसी तर वस्तुरूपानेच पुरवल्या जातात आणि केंद्राच्या हिशेबवहीत त्यांची किंमत शून्य असते, म्हणून त्या वगळल्यास लसीकरण फुकट झाल्यासारखे दिसते.

उपकरणे आणि इमारती यांचा खर्च एकाच वर्षावर टाकणे योग्य नाही आणि नुसता समान घसारा धरणेही पुरेसे नाही, कारण त्यात गुंतलेला पैसा दुसरीकडे उपयोगी पडला असता. देशातील आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाच्या प्रमाणित पद्धतीत वार्षिक ३ टक्के वटाव दर (पुढे मिळणारी रक्कम किंवा लाभ आजच्या किमतीत मोजण्यासाठी दर वर्षामागे करायची घट) धरला जातो. तोच येथे घेतला आहे. त्या दराने १० वर्षे टिकणाऱ्या १० लाख रुपयांच्या उपकरणाचा वार्षिक भार सुमारे १ लाख १७ हजार रुपये येतो, समान घसाऱ्याने तो १ लाख आला असता.

सर्वांत अवघड प्रश्न माणसांच्या वेळेचा आहे. वैद्यकीय अधिकारी सकाळी बाह्यरुग्ण तपासतात, रात्री प्रसूती करतात, मधल्या काळात आश्रमशाळेतील तपासणी, तालुक्याची बैठक आणि अहवाल असतात. एकूण खर्चात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे ही वेळेची वाटणी चुकली तर पुढचे सर्व गणित चुकते. काही केंद्रांत आठवडाभर कामाच्या वेळेची नोंद घ्यायची आणि उरलेल्या केंद्रांसाठी तीवरून अंदाज बांधायचा, असे ठरले. आरोग्य सेविकांच्या फिरतीचा वेळ या नोंदीत स्वतंत्र रकान्यात ठेवला आहे. पाड्यांमधील अंतर हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे.

२६ जून २०२४

यादीतील भागाकार काय लपवतो हे दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण तयार केले. समजा दोन केंद्रांचा स्थिर खर्च, म्हणजे वेतन, इमारत, वाहन आणि वीज मिळून, वर्षाला प्रत्येकी १ कोटी रुपये आहे आणि प्रत्येक रुग्णभेटीमागे औषधे व साहित्य यांचा बदलता खर्च ६० रुपये आहे. पहिल्या केंद्रात वर्षाला २०,००० भेटी होतात, म्हणून एका भेटीचा खर्च ५६० रुपये येतो. दुसऱ्यात ८,००० भेटी होतात, म्हणून तो १,३१० रुपये येतो. दोन्ही ठिकाणी काम तितक्याच काटकसरीने चालते आणि पुढच्या एका रुग्णासाठी लागणारा सीमांत खर्च दोन्हीकडे ६० रुपयेच आहे. यादीत मात्र दुसरे केंद्र दुपटीहून महाग दिसते.

म्हणून खर्चासाठी थेट भागाकार न करता रिग्रेशन (अनेक घटकांचा खर्चाशी असलेला संबंध एकत्रितपणे मोजणारी पद्धत) वापरले आहे. खर्चाचे आकडे उजवीकडे लांब शेपूट असलेले असतात, त्यामुळे साध्या रेषीय प्रारूपात दोन-तीन मोठी केंद्रे सगळे उत्तर आपल्याकडे ओढून घेतात. खर्चाचा लॉगॅरिदम घेऊन रेषा बसवली तर ती नीट बसते, पण रुपयांत परत येताना दुरुस्ती करावी लागते. नाहीतर सरासरी खर्च कमी दिसतो. त्या दुरुस्तीची एक रीत १९८३ पासून रूढ आहे. आम्ही ती टाळून गॅमा वितरण आणि लॉग दुवा असलेले प्रारूप निवडले, कारण त्यात सरासरी थेट रुपयांतच मिळते. स्पष्टीकरण देणाऱ्या घटकांत भेटींची व प्रसूतींची संख्या, उपकेंद्रांची संख्या, तालुक्याच्या गावापासूनचे अंतर, रस्ता बंद राहण्याचे दिवस आणि भरलेल्या पदांचे प्रमाण यांचा समावेश केला.

८ जुलै २०२४

आज परिणामांच्या मोजमापावर दिवस गेला. ही नोंद थोडी विस्ताराने लिहीत आहे, कारण संपूर्ण प्रकल्पाचे वळण येथे ठरते.

आरोग्य केंद्राचे यश कशात मोजावे, असे कोणालाही विचारले तर पहिले उत्तर येते ते बालमृत्यू आणि मातामृत्यू यांचे, आणि ते उत्तर रास्तच आहे. परंतु एका केंद्राच्या पातळीवर हे आकडे किती बोलतात हे पाहू. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे जन्ममृत्यूंच्या देशव्यापी सरकारी पाहणीच्या, २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. ३०,००० लोकसंख्येच्या केंद्रात या हिशेबाने वर्षाला सुमारे ४५० जन्म आणि सरासरी ७.२ अर्भकमृत्यू अपेक्षित आहेत. अशा तुरळक घटना प्वासाँ वितरणाने, म्हणजे त्यांची संख्या योगायोगाने किती कमी-जास्त होईल हे सांगणाऱ्या सूत्राने, मांडल्या, तर केंद्राच्या कामात काहीही फरक पडला नसताना निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी २ आणि एखाद्या वर्षी १३ मृत्यू होणे हे नेहमीच्या मर्यादेत बसते. गेल्या वर्षी ११ मृत्यू नोंदवणाऱ्या केंद्राला यंदा नोटीस देणे आणि ४ मृत्यू नोंदवणाऱ्याचा सत्कार करणे, या दोन्हींना या आकड्यांत आधार नाही. मातामृत्यूंचे प्रमाण २०१८–२० मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. म्हणजे अशा केंद्रात सहा-सात वर्षांत एक मातामृत्यू अपेक्षित आहे. तो एक मृत्यू त्या घरासाठी आणि त्या गावासाठी सर्वस्व असतो, त्याची चौकशी कसोशीने झालीच पाहिजे. पण केंद्राची कार्यक्षमता त्या एका आकड्यावरून काढता येत नाही.

यातून दोन वाटा निघतात. पहिली वाट म्हणजे ज्यांच्या नोंदी भरपूर असतात आणि ज्यांचा आरोग्याशी असलेला संबंध आधीच्या संशोधनातून पक्का झालेला आहे, असे मधले परिणाम मोजणे. जसे रक्तदाब नियंत्रणात असलेले रुग्ण, चारही प्रसूतिपूर्व तपासण्या झालेल्या माता, पूर्ण लसीकरण झालेली बालके. दुसरी वाट म्हणजे मृत्यूंचे आकडे वापरायचेच, पण अनेक केंद्रे आणि अनेक वर्षे यांचा एकत्रित विचार करणारे प्रारूप बांधायचे. दोन्ही वाटांनी जायचे ठरले आहे.

१९ जुलै २०२४

मधल्या परिणामांपैकी उच्च रक्तदाबाच्या नोंदी प्रथम हाती घेतल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात रुग्णाचा शेवटच्या भेटीतील दाब १४०/९० पेक्षा कमी असेल तर तो नियंत्रणात आहे, अशी साधी व्याख्या वापरली जाते. साताऱ्यापासून भंडाऱ्यापर्यंतच्या जिल्ह्यांत ती रुळलेली आहे, म्हणून आम्हीही तीच घेतली. ६०० नोंदणीकृत रुग्णांच्या केंद्रात नियंत्रणाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल, तर त्या टक्केवारीतील प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने पडणारा नेहमीचा फरक, सुमारे २ अंश (टक्केबिंदू) असते. मृत्यूंच्या मानाने हे मोजमाप पुष्कळ स्थिर आहे.

परंतु छेदात कोण येते यावर उत्तर अवलंबून आहे. तीन महिन्यांत केंद्रात न फिरकलेला रुग्ण छेदातून वगळला, तर ज्या केंद्राने आपले रुग्ण गमावले त्याचेच प्रमाण चांगले दिसते. राहिलेले रुग्ण नियमित औषध घेणारे असतात. म्हणून नोंदणी झालेला प्रत्येक रुग्ण छेदात ठेवला असून जो आला नाही तो नियंत्रणात नाही असे धरले आहे. स्थलांतरित मजुरांच्या बाबतीत हा नियम कठोर ठरतो, याची जाणीव आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे होळीच्या सुमारास परततात आणि मधल्या काळातील त्यांचे औषध कोठे झाले हे केंद्राला कळत नाही. त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीचे आकडे वेगळे काढून निष्कर्ष बदलतात का, हे तपासले जाईल.

नोंदींच्या दर्जाबद्दल दोन निरीक्षणे आहेत. मासिक अहवालात मोकळा रकाना आणि शून्य यांत फरक राहत नाही. प्रसूती झाल्या नाहीत आणि अहवाल आला नाही या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांशी ताळा घेऊन असे शून्य वेगळे केले आहेत. रक्तदाबाच्या वाचनांत शेवटचा अंक शून्य असण्याचे प्रमाण अवाजवी आहे आणि काही ठिकाणी १४० च्या अगदी खालच्या वाचनांची गर्दी दिसते. अशा केंद्रांची टक्केवारी जशीच्या तशी न घेता वाचनांचे संपूर्ण वितरण बघून नियंत्रणाचा अंदाज बांधला आहे आणि त्याची अनिश्चितता अधिक धरली आहे.

५ ऑगस्ट २०२४

कार्यक्षमतेची सीमा काढणाऱ्या दोन प्रचलित पद्धती वापरून पाहिल्या. पहिली १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेली डेटा एन्व्हलपमेंट पद्धत. तीत कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त काम करणाऱ्या केंद्रांवरून सीमा ओढली जाते आणि बाकीची केंद्रे त्या सीमेपासून किती दूर आहेत हे मोजले जाते. तिची सोय अशी की अनेक साधने आणि अनेक सेवा एकाच वेळी धरता येतात. तिचा धोका असा की जितके घटक वाढवाल तितकी अधिक केंद्रे सीमेवर जाऊन बसतात, कारण प्रत्येक केंद्र कशात तरी पहिले निघतेच. त्याशिवाय ही पद्धत योगायोगाला जागाच ठेवत नाही. एका वर्षी साथ आली म्हणून वाढलेले रुग्ण तिच्या लेखी कार्यक्षमताच असते.

दुसरी पद्धत १९७७ ची, यादृच्छिक सीमेची. तीत प्रत्यक्ष खर्च आणि सीमेवरचा खर्च यांतील अंतराचे दोन भाग केले जातात: योगायोगामुळे कमी-जास्त होणारा भाग आणि अकार्यक्षमतेमुळे खर्च फक्त वाढवणारा भाग. कल्पना सुंदर आहे, परंतु हे दोन भाग वेगळे ओळखण्याचा सगळा भार वितरणाच्या तिरपेपणावर, म्हणजे आकडे एका बाजूला अधिक लांब पसरलेले असण्यावर, असतो. केंद्रांची संख्या थोडी असली की तो तिरपेपणा कधी कधी उलट्या दिशेला झुकतो आणि मग प्रारूप सर्व केंद्रे पूर्ण कार्यक्षम असल्याचे सांगते.

तथापि या दोन्ही पद्धतींत आढळलेली खरी अडचण गणिती नाही. सीमेवर बसलेल्या केंद्रांपैकी काहींची पदांची माहिती काढून पाहिली, तेव्हा त्यांत वैद्यकीय अधिकाऱ्याचे एक पद दीर्घकाळ रिक्त असल्याचे दिसले. पद रिक्त असल्यामुळे वेतनाचा खर्च कमी आणि उरलेल्या एका डॉक्टरने रेटून नेलेली बाह्यरुग्ण संख्या जास्त, म्हणून केंद्र ‘आदर्श’. त्या एका डॉक्टरला रात्रीची प्रसूती तालुक्याला पाठवावी लागते, तिचा खर्च १०८ च्या रुग्णवाहिकेवर आणि ग्रामीण रुग्णालयावर पडतो, आणि आपल्या तक्त्यात तो दिसत नाही. रिक्त पदाला बक्षीस देणारी गुणांकन पद्धत प्रशासनाच्या हाती देणे मला मान्य होण्यासारखे नाही. येथून पुढे भरलेल्या पदांचे प्रमाण ही केंद्राची निवड न मानता त्याच्यावर लादलेली परिस्थिती मानायची, आणि पाठवलेल्या रुग्णांचा पुढचा खर्च पाठवणाऱ्या केंद्राच्या खात्यात मोजायचा, असा निर्णय घेतला. पाड्यांवर फिरून उपचार करणाऱ्या भरारी पथकाच्या डॉक्टरांचे मानधनही त्या त्या केंद्राच्या नावावर टाकले आहे.

२१ ऑगस्ट २०२४

बहुस्तरीय प्रारूप आता स्थिरपणे चालते. रुग्ण केंद्रात, केंद्र तालुक्यात आणि तालुका जिल्ह्यात, अशी त्याची उतरंड आहे. प्रत्येक केंद्राचा अंदाज त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून आणि त्याच्यासारख्या इतर केंद्रांच्या सरासरीवरून मिळून ठरतो. स्वतःच्या आकड्यांना किती वजन मिळेल हे त्यांच्या संख्येवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, केंद्राकेंद्रांत रक्तदाब नियंत्रणाच्या टक्केवारीचे खरे विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) ८ अंश आहे असे धरू. ६०० रुग्णांच्या केंद्रात स्वतःच्या आकड्याला सुमारे ९४ टक्के वजन मिळते, तर ४० रुग्णांच्या केंद्रात केवळ ५१ टक्के. लहान केंद्राची टोकाची टक्केवारी, चांगली असो वा वाईट, मध्याकडे ओढली जाते. हे लहान केंद्रावर अन्याय करणारे आहे, अशी शंका एका सहकाऱ्याने घेतली. माझ्या मते ते त्याचे संरक्षण आहे, कारण यादीच्या दोन्ही टोकांना नेहमी लहान केंद्रेच सापडतात आणि शिक्षा तळाच्या टोकालाच होते.

मात्र कोणाच्या सरासरीकडे ओढायचे, हा प्रश्न उरतो. घाटावरच्या केंद्राला तालुक्याच्या बाजारपेठेतील केंद्रांकडे ओढणे चुकीचे होईल. अंतर, रस्ता, लोकसंख्येची घनता आणि आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण या घटकांवर महालनोबिस अंतर (दोन केंद्रे एकमेकांपासून किती वेगळी आहेत याचे माप) काढून प्रत्येक केंद्राचे समपरिस्थितीतील सोबती निवडले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले हे मापन घटकांमधील परस्परसंबंध लक्षात घेते, आणि येथे ते आवश्यकच आहे, कारण दूर असलेले केंद्र बहुधा विरळ वस्तीचेही असते आणि तीच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये.

९ सप्टेंबर २०२४

जूनमधील कल्पित उदाहरण आज पुढे नेले, आणि या प्रकल्पात आतापर्यंत हाती आलेले सर्वांत महत्त्वाचे गणित मला ते वाटते.

८,००० भेटींचे दुर्गम केंद्र बंद केले तर शासनाचा वर्षाला १ कोटी रुपये स्थिर खर्च वाचेल. ते रुग्ण तालुक्याला जातील असे क्षणभर मानू. तेथे त्यांचा बदलता खर्च तेवढाच राहील, पण रुग्ण आणि सोबतचे माणूस यांचे जाण्यायेण्याचे मिळून २०० रुपये धरले आणि दोघांचा एक दिवसाचा रोज बुडाला असे मानले, तर यंदाच्या रोजगार हमीच्या २९७ रुपये दराने ५९४ रुपये होतात. एका भेटीमागे ७९४ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ६३ लाख ५२ हजार रुपये लोकांच्या खिशातून जातील. शासनाची १ कोटीची बचत समाजाच्या बाजूने पाहिली तर ३६ लाख ४८ हजार रुपयांचीच उरते. उरलेला खर्च नाहीसा झालेला नाही, तो सर्वांत गरीब माणसांकडे सरकला आहे.

आता या ३६ लाख ४८ हजारांसाठी केंद्राने किती आरोग्य निर्माण करायला हवे? एका निरोगी आयुर्वर्षामागे, म्हणजे पूर्ण आरोग्यात जगलेल्या एका वर्षामागे, दरडोई सकल देशांतर्गत उत्पन्नाइतका, म्हणजे ढोबळमानाने २ लाख रुपये खर्च, ही मर्यादा घेतली तर उत्तर १८ आयुर्वर्षे येते. एका अर्भकाचा मृत्यू टळला तर ३ टक्के वटावाने सुमारे २९ आयुर्वर्षे मिळतात. म्हणजे आठ वर्षांत पाच बालके वाचली तरी ते केंद्र खर्चाला पुरून उरते, आणि यात प्रसूती, लसीकरण, सर्पदंश, मलेरिया यांतील इतर कोणताही लाभ धरलेला नाही. प्रत्येक भेटीत रोज बुडतोच असे नाही, हा आक्षेप मान्य करून मजुरीचा तोटा निम्मा केला, तरी उत्तर वर्षाला एका बालकाच्या आसपासच राहते.

हा परिणाम त्या केंद्राच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल का? २०,००० लोकसंख्येत राज्याच्या सरासरीने ३०० जन्म आणि वर्षाला ४.८ अर्भकमृत्यू अपेक्षित आहेत. आठ वर्षांत पाच म्हणजे वर्षाला ०.६ मृत्यूंची घट, आणि योगायोगाने होणारा चढउतार २ पेक्षा अधिक. केंद्र चालू ठेवण्यास पुरेसा असलेला लाभ त्या केंद्राच्या नोंदवहीत गोंगाटाखाली पूर्णपणे दडलेला असतो. लाभ दिसत नाही म्हणून तो नाही, असा निष्कर्ष काढणारी प्रत्येक यादी येथेच घसरते. आदिवासी भागांत मृत्युदर राज्याच्या सरासरीहून अधिक असल्याने प्रत्यक्षातील वाव याहून मोठा आहे, पण एका केंद्रापुरती अडचण तीच राहते.

साठ केंद्रे आणि पाच वर्षे एकत्र घेतली की चित्र बदलते. ही ३०० केंद्र-वर्षे डॉक्टर असलेल्या आणि पद रिक्त असलेल्या काळांत समान विभागली गेली असे मानले, तर दोन गटांत एवढ्याच परिणामाने सुमारे ९३ मृत्यूंचा फरक पडावा आणि योगायोगाचे प्रमाण विचलन ३७ च्या घरात असावे. हा फरक ओळखता येण्याजोगा आहे. आवश्यक असलेली घट सुमारे १३ टक्के आहे आणि ती अशक्यप्राय मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी देऊन, ४७ गावांशी तुलना करून, नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दाखवली होती आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका बालकामागील खर्च ५.३ डॉलर होता. ती सेवा गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी दिलेली होती, केंद्राने नव्हे, म्हणून तो आकडा आमच्या प्रारूपात उचलून घेणार नाही. परंतु योग्य तुलना आणि पुरेशी गावे असतील तर दुर्गम भागातील परिणाम मोजता येतो, याचा तो महाराष्ट्रातलाच भक्कम पुरावा आहे.

२७ सप्टेंबर २०२४

या आठवड्यात २०२१–२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाचा सरकारी हिशेब, प्रसिद्ध झाले. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ३९.४ टक्के आहे. २०१३–१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता. ही घट मोठी आहे, तरीही दर १०० रुपयांतील ३९ रुपये अजून कुटुंबेच भरतात. केवळ शासनाच्या बाजूने केलेला हिशेब या भागाकडे पाठ फिरवतो. म्हणून अहवालात दोन्ही बाजूंचे तक्ते शेजारी-शेजारी देत आहोत. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले असले, तरी प्रवास आणि बुडालेला रोज यांना तो निर्णय लागू पडत नाही.

अनिश्चितता मांडण्यासाठी खर्च आणि परिणाम यांच्या गुणोत्तराऐवजी निव्वळ लाभ वापरला आहे: मिळालेल्या आयुर्वर्षांना मर्यादेच्या रकमेने गुणायचे आणि त्यातून खर्च वजा करायचा. गुणोत्तराचा छेद शून्याजवळ गेला की त्याच्या विश्वासमर्यादांना (खरे उत्तर ज्या दोन आकड्यांमध्ये असावे त्यांना) अर्थ उरत नाही. निव्वळ लाभाला ही अडचण येत नाही. बूटस्ट्रॅपने केंद्रांचे नमुने पुन्हा पुन्हा काढून प्रत्येक मर्यादेला निव्वळ लाभ धन असण्याची संभाव्यता किती, याचा वक्र तयार केला. मर्यादा दोन लाखांची असावी की कमी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दरडोई उत्पन्नाच्या पटीत मर्यादा ठरवण्यावर गंभीर टीका झालेली आहे आणि ती मला पटते, कारण ही मर्यादा आरोग्याच्या अंदाजपत्रकात प्रत्यक्ष किती पैसा आहे याच्याशी बांधलेली नाही. त्यामुळे एकच मर्यादा न निवडता संपूर्ण वक्र दाखवला आहे आणि ५० हजारांवरही कोणती उत्तरे टिकतात हे वेगळे नोंदवले आहे.

१० ऑक्टोबर २०२४

अहवालाचा मसुदा पूर्ण झाला. त्यात केंद्रांची क्रमवारी नाही. क्रमांक हवेतच, असा आग्रह झाला होता. तेव्हा बूटस्ट्रॅपच्या प्रत्येक फेरीत केंद्रांचे क्रमांक कसे बदलतात हे दाखवणारी आकृती पुढे ठेवली. मधल्या मोठ्या पट्ट्यातील केंद्रांचे क्रमांक यादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतात, हे पाहिल्यावर आग्रह मागे घेण्यात आला. प्रत्येक केंद्रासाठी आता एक पान आहे: समपरिस्थितीतील सोबत्यांच्या तुलनेत अपेक्षित खर्च, प्रत्यक्ष खर्च, मधले परिणाम, त्यांच्या विश्वासमर्यादा आणि भरलेल्या पदांचा पाच वर्षांचा आलेख.

ज्या थोड्या केंद्रांत पदे भरलेली असून, रस्ता चांगला असून आणि सोबत्यांहून खर्च अधिक असूनही परिणाम कमी आहेत, आणि ज्यांबाबत हे विधान सर्व पर्यायी प्रारूपांत टिकते, त्यांचीच स्वतंत्र पाहणी सुचवली आहे. पाहणी केवळ हिशेबाची न करता तालुका आरोग्य अधिकारी, केंद्राचे कर्मचारी आणि त्या गावांतील आशा कार्यकर्त्या यांना एकत्र बसवून करावी, अशी शिफारस आहे. कोणतेही केंद्र बंद करण्यास या विश्लेषणातून आधार मिळत नाही, हे वाक्य सारांशाच्या पहिल्याच परिच्छेदात ठेवले आहे.

पुढील वर्षाच्या फेरीसाठी मासिक अहवालात तीन गोष्टी नोंदवण्याची विनंती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी केली आहे: वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष उपस्थित असलेले दिवस, रस्ता बंद असलेले दिवस आणि पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे अखेर काय झाले. नमुना तक्ता सोबत जोडला असून रकाना मोकळा असणे आणि शून्य असणे यांसाठी त्यात वेगवेगळ्या खुणा दिल्या आहेत.